इंजिनिअर कोणाला म्हणावे?

पनवेलला आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी संध्याकाळी वंदना झाल्यावर तरुण मुले आणि काही वडीलधारी माणसे तासभर बसतात. विषय ठरवून कोणी येत नाही. एकदा ऐरोलीच्या एका कंपनीत आज्ञावल्या लिहिणारा आमच्यातलाच एक मुलगा धाकट्या बहिणीच्या प्रवेशाविषयी बोलत होता. कोणती शाखा घ्यावी, असा प्रश्न होता. तो म्हणाला, "कॉम्प्युटरच घे. इंजिनिअर ती इंजिनिअर, आणि उन्हातान्हात उभं राहायला नको." शेजारी बांधकाम खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले एक काका बसले होते. ते हसून म्हणाले, "बाळा, तू शिकलास, चार पैसे मिळवतोस, आम्हाला त्याचा अभिमानच आहे. पण तुला इंजिनिअर कशासाठी म्हणायचं? तुझं काम कोसळलं तर तुला कोण पकडतं?" मुलगा चटकन म्हणाला, "काका, तुमचं कोसळलं तर तरी कोण पकडतं?" सगळे हसले.

बैठक त्या हशावर संपली. पण दोघांचेही प्रश्न माझ्या मनातून गेले नाहीत, कारण दोन्ही खरे होते. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग ही खरोखर इंजिनिअरिंगची शाखा आहे, की पगाराला शोभेल असे ते नुसते नाव आहे, हा वाद जगात पन्नास-पंचावन्न वर्षे चालू आहे. बहुतेक वेळा तो इंजिनिअरांनी इंजिनिअरांशीच घातला आहे. आपण त्यात का पडावे, असे कोणी विचारील. पडावे अशासाठी की शिष्यवृत्ती, रेशन, जातीचा दाखला, परीक्षेचा निकाल, रोजगार हमीची मजुरी यांपैकी एकही गोष्ट आज संगणकाच्या पुलावरून आल्यावाचून आपल्या घरी पोचत नाही. पूल कोणी बांधला आणि तो वाहतुकीस योग्य आहे असे कोणी लिहून दिले, हे विचारण्याचा पहिला हक्क पुलावरून जाणाऱ्याचा असतो.

आधी 'खरा' या शब्दाविषयी. 'खरा इंजिनिअर कोण' असे कोणी म्हणू लागले की आपण सावध होतो आणि ते साहजिकच आहे. खरा कोण हे ठरविण्याचा अधिकार या देशात कोणाच्या हाती राहिला, ते आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. विहिरीवरची मोट घ्या. कातडे ढोराने कमावले, मोट चांभाराने शिवली, नाडा मांगाने वळला, चाक सुताराने केले, लोखंड लोहाराने ठोकले, विहिरीचा दगड वडाराने फोडला. भरलेल्या मोटेचे वजन किती, ते पेलायला नाडा किती पिळाचा हवा, धावेला उतार किती ठेवला म्हणजे बैल उरी फुटणार नाहीत, याचा हिशेब या माणसांच्या बोटांत होता. त्याला इंजिनिअरिंग म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? पण त्यांना विद्यावंत कोणी म्हटले नाही. उलट ज्यांनी कातडे कमावले आणि ज्यांनी दोर वळला, त्यांनाच त्या विहिरीच्या पाण्याला शिवायची बंदी होती.

'इंजिनिअर' ही पदवी आपल्याकडे आली ती सरकारी बांधकाम खात्याचे बोट धरून. १८५४ साली पुण्यात जो वर्ग निघाला आणि ज्याचे पुढे इंजिनिअरिंग कॉलेज झाले, तो बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी पुरविण्यासाठी होता. म्हणजे लोकांच्या लेखी इंजिनिअर हा हिशेब जाणणारा नव्हताच. ज्याच्या सहीने बिल निघते तो इंजिनिअर. जोतीराव फुले यांनी हे खाते कंत्राटदार म्हणून जवळून पाहिले होते. त्यात सही कोणाची आणि दगड कोणाच्या डोक्यावर, हे त्यांना पुस्तकातून कळले नव्हते.

तेव्हा पदवीच्या मोठेपणासाठी हा वाद घालायचा असेल तर तो आपण खुशाल सोडून द्यावा. 'सही' हा शब्द मात्र सोडू नये. त्याच्याकडे पुन्हा यावे लागणार आहे.

'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हे नाव गाजले ते १९६८ च्या ऑक्टोबरात. पश्चिम जर्मनीतील गार्मिश या गावी 'नाटो' संघटनेच्या आश्रयाने पन्नासेक तज्ज्ञ जमले होते. यंत्रे झपाट्याने मोठी होत होती, आणि त्यांच्यासाठी लिहिलेल्या आज्ञावल्या मात्र वेळेवर पुऱ्या होत नव्हत्या. खर्च हाताबाहेर जात होता आणि चुका निघतच राहत होत्या. परिषदेला हे नाव मुद्दाम डिवचण्यासाठी दिले, असे तिच्या अहवालातच नमूद आहे. इतर इंजिनिअरांजवळ शास्त्राचा पाया आणि कामाची शिस्त आहे, तशी आमच्याजवळ असायला हवी, असे त्या नावाने सुचवायचे होते. म्हणजे हे नाव एका उणिवेची कबुली म्हणून पुढे आले. पुढे उणीव मागे पडली आणि नाव तेवढे भेटपत्रावर छापले गेले. त्याच काळात अमेरिकेत चंद्रावर जाणाऱ्या 'अपोलो' यानाच्या आज्ञावलीचे काम पाहणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टन या बाईही हेच नाव वापरीत होत्या. यंत्रे बनविणाऱ्यांना जो मान मिळतो तो आज्ञावली लिहिणाऱ्यांनाही मिळावा, हा त्यांचा हेतू होता. त्यांचे सहकारी कितीतरी दिवस त्यावर हसत होते. ज्यांना मान नाकारला जातो ते आधी नावावर हक्क सांगतात. हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको.

आता काकांच्या बाजूने जे बोलता येते ते बोलू. पूल बांधणारा माणूस निसर्गाशी बांधलेला असतो. पोलाद किती ताण सोसते, काँक्रीट किती दाब सोसते, हे शंभर वर्षांच्या मोजमापांतून ठरले आहे. त्यावरही तो भरवसा ठेवीत नाही. लागेल त्याच्या दीडपट-दुप्पट ताकद धरतो. पुलावर ठरल्यापेक्षा टनभर ओझे जास्त आले तर पूल किंचित अधिक वाकेल, एवढेच. आज्ञावलीत असे 'किंचित' काही नसते. ३२,७६७ पर्यंत ती अगदी बरोबर चालेल आणि ३२,७६८ आला की सपशेल आडवी होईल. हा आकडा मी हवेतून आणलेला नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचे 'एरियान-५' हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे ३७ सेकंदांनी वाट सोडून भरकटले आणि फुटले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेत आधीच्या 'एरियान-४' मधली आज्ञावली तशीच उचलून घातली होती. नवा बाण जुन्यापेक्षा वेगाने आडवा सरकत होता. त्या वेगाचा आकडा ज्या खणात ठेवायचा त्यात ३२,७६७ हून मोठा आकडा मावत नव्हता. खण भरला, यंत्रणा बंद पडली, आणि तिच्या जोडीला ठेवलेली दुसरी यंत्रणाही त्याच क्षणी त्याच कारणाने बंद पडली, कारण तिच्यातही तीच आज्ञावली होती. पुलाला एक खांब जादा दिला तर पूल बळकट होतो. इथे दुसरा खांब पहिल्याबरोबरच कोसळतो.

अशा पदार्थाला दीडपट ताकद कशी देणार? म्हणून कित्येकांचे म्हणणे असे की हे काम इंजिनिअरिंग नव्हे. याला फार तर कारागिरी म्हणा, किंवा लेखन म्हणा.

हे म्हणणे मला पटत नाही. एरियानची गोष्ट इथे संपत नाही म्हणून पटत नाही. अपघातानंतर चौकशी मंडळ बसले, आणि जुलै संपण्याच्या आत त्याचा अहवाल छापून जगापुढे आला: कोणती ओळ, कोणता खण, कोणती चाचणी करायची राहिली. म्हणजे कारण सापडू शकते आणि पुढच्याला शहाणे करता येते. दुसरे उदाहरण पॅरिसच्या मेट्रोचे. तिच्या १४ व्या मार्गावर १९९८ पासून चालकावाचून गाड्या धावतात. त्यांच्या सुरक्षिततेची जी आज्ञावली आहे ती भूमितीतले प्रमेय सिद्ध करावे तशी गणिताने सिद्ध करून घेतली होती. विमानात बसणाऱ्या आज्ञावलीलाही ओळ न्‌ ओळ तपासल्याचे कागद दाखवावे लागतात. तेव्हा विद्या नाही असे नाही. विद्या आहे, महाग आहे, आणि ती कोणासाठी खर्च करायची हे ठरलेले आहे. ज्याच्या जिवाची किंमत धरली जाते त्याच्यासाठी इंजिनिअरिंग, आणि ज्याच्या वेळेची, फीची, वर्षाची किंमत कोणी धरीत नाही त्याच्यासाठी नुसते पोर्टल.

ही गोष्ट आम्ही पनवेलच्या शिक्षकांनी २०१७ साली पाहिली. आमची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत. त्या वर्षी ऐन परीक्षेच्या हंगामात विद्यापीठाने ठरविले की उत्तरपत्रिका कागदावर तपासायच्या नाहीत. त्यांची छायाचित्रे काढून ती परीक्षकाला संगणकाच्या पडद्यावर दाखवायची. उत्तरपत्रिका सतरा लाखांहून अधिक. कल्पनेत वाईट काही नव्हते. पण एखाद्या लहान विषयावर, एका सत्रापुरता हा प्रयोग आधी करून पाहावा, मग सगळा भार टाकावा, हे कोणाच्या मनात आले नाही, किंवा आले तरी त्याला थांबविण्याचा अधिकार नव्हता. पडद्यावर पाने उघडेनात. एकाची पुरवणी दुसऱ्याच्या पेपरात जाऊ लागली. काही उत्तरपत्रिका सापडेनात. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घालून दिली होती, ती टळली. निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले. ज्यांचे पुढचे प्रवेश होते त्यांचे प्रवेश अडले. ऐपत असलेल्या घरातली मुले एक वर्ष थांबू शकतात. उलवे-तळोज्याहून येणारा, वडील हमाली करतात असा मुलगा थांबत नाही, तो गोदामात कामाला लागतो. मग 'गळती' या सदरात त्याची मोजणी होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. पण ती यंत्रणा सतरा लाख उत्तरपत्रिकांचा भार सोसेल असे लिहून देणारा माणूस कोण, हे माझ्या एकाही विद्यार्थ्याला आजवर सांगता आलेले नाही. मलाही नाही.

ते वर्षच तसे होते. शेतकरी कर्जमाफीच्या याद्यांत एकाच आधार क्रमांकापुढे अनेक शेतकऱ्यांची नावे निघाली, तीही त्याच वर्षी. शिष्यवृत्तीचे 'महाडीबीटी' पोर्टलही त्याच वर्षीचे. ते पहिल्याच वर्षी इतके अडखळले की २०१७-१८ च्या अर्जांसाठी पुन्हा कागदाकडे वळावे लागले. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी त्यांनी सरकारकडे आग्रह धरला होता. त्यांच्याच खात्याकडे त्या वेळी सरकारी बांधकाम, पाटबंधारे आणि वीज हेही विषय होते. म्हणजे धरणाचा इंजिनिअर आणि शिष्यवृत्तीचा विद्यार्थी हे दोन्ही एकाच टेबलावर होते. आज त्या शिष्यवृत्तीलाच इंजिनिअर लागतो, याची आपल्याला अजून सवय झालेली नाही.

आणि इथेच या विद्येचा गाभा आहे असे मला वाटते. पूल बांधण्याआधी इंजिनिअर काय करतो? जमिनीला भोके पाडतो. खाली मुरूम आहे की चिखल, खडक किती हातांवर लागतो, हे पाहिल्यावाचून तो खांबाची रेघ ओढीत नाही. पनवेलच्या खाडीकाठी ज्याने ज्याने घर बांधले त्याला हे ठाऊक आहे. आज्ञावलीला जमीन नसते असा सर्वसाधारण समज आहे. हा समज चुकीचा आहे. तिची जमीन म्हणजे माणसे, त्यांचे कायदे, त्यांची नावे, त्यांचे हात. ती न तपासता बांधलेले काम, आकडेमोड कितीही बिनचूक असली तरी, चिखलात उभे राहते.

समजा, एका तरुणाला अर्जाचा नमुना लिहायला दिला. त्याने कुठेतरी वाचले आहे की अनुसूचित जातीचा माणूस हिंदू किंवा शीख असतो. तो तशी अट घालतो: जात अनुसूचित, आणि धर्म या दोहोंपैकी नसेल तर अर्ज परत. आज्ञावलीच्या दृष्टीने ओळ निर्दोष आहे. पण १९५० च्या आदेशात आधी हिंदू होते, १९५६ साली शीख आले, आणि १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध आले, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. एका ओळीने महाराष्ट्रातली बौद्ध मुले बाहेर. पुन्हा कोणाच्या दाखल्यावर 'महार' आहे, कोणाच्या 'नवबौद्ध'. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव आणि आधारवर दुसरे, कारण गावचे आडनाव टाकून देणे हाही आमच्या चळवळीचा एक भाग होता. ज्या आज्ञावलीला नाव म्हणजे कधी न बदलणारी वस्तू वाटते, तिला आपला इतिहास चूक वाटतो. हे उदाहरण मी रचलेले आहे. पण अर्ज भरायला मुलांबरोबर बसलेल्या शिक्षकाला ते रचलेले वाटणार नाही.

हातांचेही तसेच. रेशनच्या दुकानात अंगठा लावायचे यंत्र आले. ज्याने मिठागरात जन्म काढला, वीटभट्टीवर विटा थापल्या, घरोघरची भांडी घासली, त्याच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र 'जुळत नाही' म्हणते. कारकुनाच्या बोटांवर चाचणी घेतली तर यंत्र उत्तम चालेल. चाचणीला कोणाची बोटे घेतली, हा प्रश्न जमिनीला भोक पाडण्याचाच आहे.

कोणी म्हणेल की चुका होतात, पुढे दुरुस्त होतात. चूक ज्याच्या अंगावर पडते त्याला तोवर कोण विचारते, हे इंग्लंडमधल्या एका प्रकरणात दिसले. तिथल्या पोस्ट खात्याने छोट्या टपाल कार्यालयांत 'होरायझन' नावाची हिशेबाची यंत्रणा बसविली. तिच्यात दोष होते. शिल्लक जुळत नसे आणि तूट दिसे. १९९९ पासून पंधरा-सोळा वर्षांत नऊशेहून अधिक पोस्टचालकांवर चोरीचे, अफरातफरीचे, खोट्या हिशेबाचे गुन्हे शाबीत झाले. काही तुरुंगात गेले, काहींची घरे गेली, काहींनी जीव दिला. त्यांच्यात आपल्या उपखंडातून गेलेल्या कुटुंबांतले लोक पुष्कळ होते. यंत्र बरोबरच चालते असे न्यायालयाने गृहीत धरावे, उलट सिद्ध करायचे तर आरोपीने काहीतरी दाखवावे, असा तिथला रिवाज होता. आरोपीजवळ दाखवायला काय असणार? आज्ञावली कंपनीच्या कपाटात. २०१९ च्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने यंत्रणा सदोष होती असा निर्णय दिला, आणि २०२४ साली कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. हा प्रकार मला परका वाटत नाही. एका बाजूला पोथी आणि दुसऱ्या बाजूला माणूस उभा राहिला की माणूसच खोटा, हा न्याय आपण फार पूर्वीपासून ओळखतो.

मग पूल बांधणाऱ्यांसारखा परवाना सॉफ्टवेअरवाल्यांनाही लावावा काय? अमेरिकेतील टेक्सास राज्यात १९३७ साली न्यू लंडन गावच्या शाळेत वायू साठून स्फोट झाला, सुमारे तीनशे मुले व शिक्षक मेले. त्यानंतर त्या राज्याने इंजिनिअरांना परवाना सक्तीचा केला. त्याच राज्याने १९९८ साली सॉफ्टवेअरसाठीही परवाना देऊ केला. पुढे २०१३ मध्ये देशपातळीवर परीक्षा निघाली. पाच वेळा ती झाली, मिळून ८१ उमेदवार बसले, आणि २०१९ मध्ये ती बंद पडली. कोणी बसले नाही कारण परवान्यावाचून कोणाचे काही अडत नव्हते. शाळेत मुले मेली की कायदा होतो. अर्ज रद्द झाल्याने ज्यांची शाळा सुटते ती मुले कोणाला दिसत नाहीत.

आपल्याकडे तर गंमत आहे. वकिलांना १९६१ चा कायदा आहे, वास्तुविशारदांना १९७२ चा आहे, इंजिनिअरांसाठी असा देशव्यापी कायदा नाहीच. महानगरपालिका इमारतीच्या बळकटीचा दाखला घेते तेवढाच बंध. तरीही तो बंध काही कामाचा असतो. महाडला ऑगस्ट २०२० मध्ये पाच मजली इमारत कोसळून सोळा माणसे मेली, तेव्हा बांधकाम व्यावसायिकाबरोबर आर.सी.सी. सल्लागारावरही गुन्हा नोंदविला गेला, कारण कागदावर त्याची सही होती. त्याच महाडला २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस.टी. गाड्या गेल्या. पनवेलहून निघणाऱ्या गोवा महामार्गावरचा तो पूल. त्याच महामार्गाने आमच्यापैकी बहुतेकजण वीस मार्चला चवदार तळ्यावर गेलेले. तिथे चौकशी आयोग बसला. म्हणून मुलाचा काकांना विचारलेला प्रश्न खोटा ठरत नाही. 'खरी' इंजिनिअरिंगही माणसे मारते आणि पुष्कळदा सुटते. फरक इतकाच की तिथे कोणाला पकडायचे हे निदान विचारता येते.

माझे मत विचाराल तर सॉफ्टवेअर हे इंजिनिअरिंग होऊ शकते, काही ठिकाणी ते झालेलेही आहे, आणि आपल्या वाट्याला जे येते ते बहुतांशी झालेले नाही. मात्र एका गोष्टीची मला भीती वाटते. सहीचा आग्रह धरला की सही सर्वांत खालच्या माणसाकडून घेतली जाईल. फोक्सवॅगन कंपनीने धुराच्या तपासणीला फसविणारी आज्ञावली लाखो मोटारींत बसविली हे २०१५ साली उघड झाले, आणि २०१७ साली अमेरिकेत चाळीस महिन्यांची शिक्षा जिला म्हणतात ती आधी एका इंजिनिअरला झाली. १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजे निघाली तेव्हापासून आपली मुले कर्ज काढून, शिष्यवृत्तीची वाट पाहत या धंद्यात शिरली आहेत. त्यांची नोकरी आरक्षणाची नाही. साहेबाने 'उद्या सुरू करायचे' म्हटल्यावर 'भार तपासल्याशिवाय सही करणार नाही' असे म्हणण्याची ताकद त्यांच्यात आज नाही. नकार देण्याचा अधिकार ज्याला आहे त्याचीच सही घ्यावी. ज्याला नाही त्याची घेतली तर तो इंजिनिअर होत नाही, बळी होतो.

पुढच्या एका रविवारी ते काका आणि तो मुलगा पुन्हा भेटले. काकांनी खात्यातल्या मोजमाप पुस्तिकेची माहिती सांगितली: पानांना छापील क्रमांक, पान फाडायचे नाही, खाडाखोड करायची नाही, आकडा चुकला तर त्यावर एक रेघ ओढून शेजारी सही. मुलगा म्हणाला, "आमच्याकडेही असंच आहे, काका." कोणती ओळ कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता लिहिली किंवा बदलली याची नोंद त्यांच्याकडे आपोआप राहते, आणि ती उघडून पाहण्याच्या आज्ञेचे नावच 'ब्लेम', म्हणजे दोष, असे आहे. काकांना हे ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. म्हणजे पुस्तिका आहे. ती कंपनीच्या कपाटात आहे आणि ज्याचा अर्ज अडला त्याला ती दिसत नाही, एवढेच.

त्याच्या बहिणीचा एक अर्ज सात महिने 'छाननीत' असे दाखवीत पडून होता. कोणत्या कार्यालयात, ते इथे लिहिण्याचे कारण नाही. भावाने माहिती अधिकाराखाली अर्ज लिहिला. आज्ञावली मागितली तर व्यापारी गुपित म्हणून नाकारतील, तेव्हा ती मागू नकोस, असे मी सुचविले. त्याने चारच गोष्टी विचारल्या. काम कोणाकडून करून घेतले आणि स्वीकृतीचा दाखला कोणत्या तारखेचा आहे. एका दिवशी किती अर्जांचा भार सोसेल अशी चाचणी झाली. चाचणीसाठी घेतलेल्या नमुना अर्जांत बौद्ध विद्यार्थ्यांचे अर्ज होते काय. चौथा प्रश्न काकांनी सांगितला तसाच त्याने लिहिला: चाचणीच्या अहवालावर कोणाची सही आहे, नाव व हुद्दा कळवावा. तीस दिवसांची मुदत अजून संपायची आहे. बहीण कॉम्प्युटरलाच गेली.